‘टेबल करूया’ म्हणजे ठेवूया की काढूया? मालाडच्या एका क्लेम्स टीममधलं प्रकरण

हे प्रकरण एका सत्तावीस वर्षांच्या मुलीचं आहे. राहायला भांडुप, शाळा मराठी माध्यमाची, मग बीकॉम, आणि नोकरी मालाडच्या एका बॅक ऑफिसात, जिथे परदेशातल्या एका लाइफ इन्शुरन्स कंपनीचे क्लेम्स प्रोसेस होतात. तिचं नाव नको, कंपनीचंही नको. क्लायंटची दोन ऑफिसं, एक लंडनला आणि एक शिकागोला, आणि दर आठवड्याला तिन्हीकडच्या लोकांचा मिळून एक कॉल, आपल्याकडे रात्री आठला, म्हणजे उन्हाळ्यात लंडनला दुपारचे साडेतीन आणि शिकागोला सकाळचे साडेनऊ. कामात मुलगी एकदम चोख, फाइल हातात घेतली की कुठला कागद कमी आहे ते पहिल्या नजरेत सांगणार, म्हणून टीएलने, म्हणजे टीम लीडरने, तिला त्या कॉलला बसवलं, मिनिट्स, म्हणजे कॉलवर काय ठरलं त्याची नोंद, लिहायचं काम दिलं, आणि काही महिन्यांत अप्रेझलच्या शेऱ्यात आलं ‘कम्युनिकेशन वीक’. तो शेरा घेऊन ती आमच्याकडे आली. आम्ही म्हणजे दादरला शनिवार-रविवार नोकरदार लोकांसाठी इंग्रजीचा छोटासा क्लास चालवणारे आम्ही दोघं.

आल्या आल्या तिने बॅगेतून एक पुस्तक काढलं, स्टेशनबाहेरच्या फूटपाथवर मिळतात तसलं, इंग्रजी वाक्प्रचार मराठी अर्थांसह. निम्मं पुस्तक तिला पाठ होतं, खोटं नाही सांगत, मी मधलंच कुठलंही पान उघडून विचारलं तरी धडाधड उत्तरं येत होती. म्हणाली, “सर, शब्द सगळे कळतात, अर्थ पण पाठ आहेत, पण कॉलवर कोणी बोललं की काही जुळतच नाही.”

आता बघा, ही सवय शाळेची आहे. दहावीपर्यंत आपण ‘अर्थ सांगून वाक्यात उपयोग करा’ हेच केलंय आणि मराठीत ते निभावून गेलं, कारण ‘नाकी नऊ येणे’ किंवा ‘कानाडोळा करणे’ हे पुस्तकात यायच्या आधी आजीच्या, शेजारच्या काकूंच्या तोंडून कितीदा तरी कानावर पडलेलं असतं, पुस्तक त्यावर फक्त लेबल चिकटवतं. इंग्रजीत आपल्या हातात आधी लेबल येतं आणि बरणी कधी येतच नाही.

तिच्या पुस्तकात ‘किक द बकेट’ समोर ‘मरण पावणे’ एवढंच छापलेलं होतं. आणि ही बाई डेथ क्लेमच्या टेबलवर बसते! एका फाइलच्या नोटमध्ये सारखं सारखं ‘डाइड’ लिहायला नको म्हणून हिने जरा चांगलं इंग्रजी वापरायचं ठरवलं आणि लिहिलं, ‘द पॉलिसीहोल्डर किक्ड द बकेट’. नशीब की टीएलच्या नजरेला पडलं, क्लायंटकडे गेलं नाही. अर्थ चुकला का? नाही, अर्थ बरोबरच आहे. पण मराठीत ‘निधन झालं’, ‘देवाज्ञा झाली’, ‘वारले’, ‘गेले’, ‘खपला’ आणि ‘गचकला’ या सगळ्यांचा अर्थ मरण पावणेच आहे, तरी सांत्वनाच्या पत्रात ‘आपले वडील गचकल्याचं कळलं’ असं कोणी लिहील का. ‘किक द बकेट’ त्या ‘गचकला’च्या बाजूला बसणारा आहे. कुठलीही यादी हे सांगत नाही, आणि माझ्या मते अर्थापेक्षा हीच माहिती जास्त कामाची असते, अर्थ तर संदर्भावरूनही लागतो हो.

दुसरा किस्सा जुलैमधला. शीव-कुर्ल्याला रुळांवर पाणी, सेंट्रल रखडत चाललेली, ही घाटकोपरला उतरून मेट्रोने अंधेरी, तिथून मालाड अशी कशीबशी ऑफिसला पोचलेली, केस अजून ओले. कॉलवर शिकागोच्या माणसाला हिने नवीन ट्रॅकरचा डेमो दाखवते म्हणून सांगितलं तर तो म्हणाला, “कॅन आय टेक अ रेन चेक?” ही म्हणाली, “येस येस, व्हेरी हेवी रेन हिअर, ट्रेन्स आर लेट.” दोन सेकंद शांतता आणि मग सगळे हसले, ही पण हसली, पण घरी जाताना कॅबमध्ये रडली असं तिनेच सांगितलं. रेन चेक हा प्रकार बेसबॉलचा, अमेरिकेत १८८० च्या दशकापासून आहे, पावसाने मॅच बंद पडली की प्रेक्षकाला पुढच्या मॅचला चालेल असं तिकीट मिळायचं, त्यावरून ‘आत्ता नको, पुन्हा कधीतरी’ हा अर्थ आला. आणि तो कधीतरी आपल्या ‘येऊ हो एकदा निवांत’ सारखाच, आला तर आला. म्हणजे तो माणूस गोड शब्दांत डेमो टाळत होता आणि हिला वाटलं हवामान विचारतोय.

पण शेरा आला तो या किश्श्यांमुळे नाही, तिसऱ्यामुळे, आणि तोच खरा बघण्यासारखा आहे.

क्लेमसोबत कुठली कागदपत्रं मागायची याची नवीन यादी लंडनच्या बाईंनी तयार केलेली. कॉलच्या शेवटी त्या म्हणाल्या, “आय’ड लाइक टु टेबल द न्यू डॉक्युमेंट लिस्ट.” शिकागोवाला म्हणाला, “शुअर, फाइन बाय मी.” वेळ संपली, कॉल संपला. आमच्या मुलीने प्रामाणिकपणे फोनवर ‘टेबल’ क्रियापदाचा अर्थ शोधला, पहिलाच अर्थ आला पुढे ढकलणे, आणि मिनिट्समध्ये लिहिलं की नवीन यादी पुढे ढकलली. मुंबईची टीम जुन्याच यादीवर काम करत राहिली. पुढच्या कॉलला लंडनच्या बाई विचारतायत की माझ्या यादीवर कोणाच्याच कमेंट्स कशा नाहीत, शिकागोवाला म्हणतोय आपण तर ते बाजूला ठेवलं होतं ना, आणि मग सगळ्यांचं लक्ष गेलं मिनिट्सकडे. मिनिट्स कोणाचे, हिचे. झालं, कम्युनिकेशन वीक.

गंमत अशी की ‘टेबल करणे’ याचा ब्रिटिश इंग्रजीत अर्थ आहे चर्चेसाठी मांडणे आणि अमेरिकन इंग्रजीत अर्थ आहे चर्चा लांबणीवर टाकणे, म्हणजे सरळ उलटा. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश आणि अमेरिकन अधिकारी एक कागद ‘टेबल’ करायचा की नाही यावर बराच वेळ तावातावाने भांडले आणि नंतर लक्षात आलं की दोघांना एकच गोष्ट हवी होती, हे खुद्द चर्चिलने लिहून ठेवलंय. म्हणजे ज्यांची मातृभाषा इंग्रजी ते जिथे अडकले तिथेच ही अडकली, फरक एवढाच की त्यांच्या अप्रेझलमध्ये कोणी लिहिलं नाही. आणि आपल्याकडे तर हा ब्रिटिश अर्थ मराठी पेपरात रोज येतो, ‘अहवाल सभागृहाच्या पटलावर ठेवला’, ते पटल म्हणजे तेच टेबल. मी हे सांगितलं तेव्हा ती दोन मिनिटं काही बोलली नाही, मग म्हणाली, “म्हणजे मला येत होतं सर.” येत होतंच. फोनने दाखवलेला पहिला अर्थ घेतला आणि विषय संपवला तिथे गडबड झाली. चांगल्या डिक्शनरीत, उदाहरणार्थ केंब्रिजच्या मोफत ऑनलाइन डिक्शनरीत, अर्थाशेजारी यूके किंवा यूएस अशी खूण असते, ती खूण बघायची हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं.

तर आम्ही पहिलं काम केलं ते पुस्तक बंद. त्याऐवजी एक वही. कॉलवर किंवा मेलमध्ये जे खरंच कानावर पडलं, डोळ्यांसमोर आलं, तेवढंच लिहायचं, क्लायंटची माहिती, नावं, पॉलिसी नंबर काही नाही, फक्त वाक्य, ते कोणी कोणाला म्हटलं, लंडन की शिकागो, आणि म्हटल्यावर पुढे काय झालं. अर्थाचा रकाना सगळ्यात शेवटी आणि तो पेन्सिलने. दोनेक महिन्यांत चाळीसच्या आसपास गोष्टी जमल्या असतील, आणि पुस्तकातलं ‘रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज’, म्हणजे मुसळधार पाऊस, त्यात एकदाही आलं नाही. ते सगळ्या याद्यांत पहिल्या पानावर असतं आणि ऑफिसात मी तरी ते कोणाच्या तोंडून ऐकलेलं नाही. जाता जाता, गवताच्या छपरावरून पावसात कुत्री-मांजरं खाली पडायची म्हणून तसं म्हणतात असा जो फॉरवर्ड फिरतो तो बनावट आहे, त्याच्या नादाला लागू नका. त्याउलट ‘टर्न अ ब्लाइंड आय’ सोबत जोडतात ती नेल्सनची गोष्ट, १८०१ साली कोपनहेगनच्या लढाईत माघारीचा इशारा दिसू नये म्हणून त्याने दुर्बीण अंधळ्या डोळ्याला लावली ती, आपल्या ‘कानाडोळा’शी इतकी छान जुळते की एकदा ऐकली की विसरत नाही.

वही भरायला लागल्यावर एक गोष्ट दिसली जी मला आधी इतकी स्पष्ट दिसली नव्हती. लंडनवाल्यांचे बरेच वाक्प्रचार क्रिकेटमधले निघाले आणि ते हिला जवळजवळ न शिकवता कळत होते. ‘ऑन द बॅक फूट’ सांगायला लागलंच नाही. ‘स्टिकी विकेट’वर मात्र अडली, कारण आता पिच झाकतात, ओली विकेट टीव्हीवर दिसतेच कुठे. तर क्लासातले एक काका, रिटायर झाल्यावर मुलीकडे अमेरिकेत जायचं म्हणून येतात, तरुणपणी कांगा लीगमध्ये खालच्या डिव्हिजनमध्ये खेळलेले, ते खुर्चीतून उठलेच. कांगा लीग १९४८ पासूनची, मुंबईच्या भर पावसाळ्यात खेळायची म्हणून प्रसिद्ध, उघड्यावरची पिच ओली व्हायची आणि मग जरा ऊन पडलं की सुकता सुकता चेंडू कसा उसळेल, कसा थांबून येईल, काही भरवसा नाही. काकांनी आझाद मैदानावरची एक इनिंग अशी काही उभी केली, हातात छत्री बॅटसारखी धरून, की ‘वुई आर ऑन अ स्टिकी विकेट हिअर’ म्हणजे आपण अवघड पेचात आहोत हे पूर्ण वर्गाला कायमचं कळलं. “पोरी, तिथे हुशारी नाही चालत, नुसतं टिकायचं,” असं वर काका म्हणाले, जे वाक्प्रचाराच्या अर्थात बसत नाही पण असो.

क्रिकेट येतं म्हणून गाफील राहायचं नाही हेही तिथेच कळलं. लंडनच्या मेलमध्ये आलं की भावाच्या मृत्यूच्या बातमीने क्लेमंट ‘नॉक्ड फॉर सिक्स’ झालीय, तर हिला पहिल्यांदा वाटलं काहीतरी जोरदार कामगिरी केलीय, कारण आपण सिक्सर म्हटलं की मारणाऱ्याच्या बाजूने बघतो. इंग्रजीत त्या वाक्यात माणूस म्हणजे बॅट्समन नव्हे, तो फेकला गेलेला चेंडू. पार हादरून गेली असा अर्थ.

शिकागोवाल्यांचं सगळं बेसबॉलमधून, आणि बेसबॉल भांडुपमध्ये कोण बघतं. ‘बॉलपार्क फिगर’ म्हणजे साधारण आकडा, ‘टच बेस’ म्हणजे एकदा बोलून घेऊ, ‘कर्व्हबॉल’ म्हणजे अनपेक्षित अडचण, ‘आउट ऑफ लेफ्ट फील्ड’ म्हणजे ध्यानीमनी नसताना आलेलं काहीतरी. हे पाठ करून घेण्यापेक्षा आम्ही तिला एक काम दिलं, एका रविवारी यूट्यूबवर बेसबॉलची एक मॅच बघायची, नियम समजावणाऱ्या एखाद्या छोट्या व्हिडिओनंतर. मॅच बघून आल्यावर तिला बेस म्हणजे काय, पळणाऱ्याला त्याला हात-पाय लावावाच लागतो, चेंडू वळतो तेव्हा बॅटरचं काय होतं, हे डोळ्यांनी दिसलं होतं, आणि मग चारपाच गोष्टी एका झटक्यात सुटल्या. त्यातही बॅटचा एक खड्डा आहे. लंडनवाले म्हणतात ‘ही डिड इट ऑफ हिज ओन बॅट’, ती बॅट क्रिकेटची, अर्थ कोणी न सांगता स्वतःहून केलं. शिकागोवाले म्हणतात ‘राइट ऑफ द बॅट’, ती बेसबॉलची, अर्थ लगेच, सुरुवातीलाच. मिनिट्समध्ये या दोनांची अदलाबदल झाली तर न सांगता काम करणाऱ्या माणसाचं श्रेय जातं, आणि ऑफिसात श्रेय गेल्याचं लोक विसरत नाहीत.

सगळ्यात फसवे निघाले ते आपल्यासारखे दिसणारे. मेलमध्ये होतं की दुसऱ्या कंपनीने या क्लेममधून ‘वॉश्ड देअर हँड्स ऑफ इट’. हिने घेतलं हात धुऊन मागे लागलेत, म्हणजे त्यांना फाइल लगेच पाठवायला हवी! त्यांनी तर हात झटकले होते. तसंच शिकागोचा माणूस एकदा ‘आय वॉज जस्ट पुलिंग युवर लेग’ म्हणाला तर मराठीतलं पाय ओढणं आठवून ही गार, की हा तोंडावर कबूल करतोय मला खाली खेचतोय म्हणून. पण शेजारच्या सीटवरचा मुलगा उत्तर प्रदेशचा, तो पटकन म्हणाला, “अरे टांग खींच रहा है, मजाक है,” आणि प्रश्न मिटला. मुंबईत राहण्याचे फायदे असे अधूनमधून होतात.

‘बॅक बर्नर’ला एक वेगळीच अडचण आली, तिच्या घरी दोन शेगड्यांची शेजारी-शेजारी असलेली गॅस शेगडी, मागचा बर्नर असा नाहीच. चार बर्नरचा फोटो दाखवला, पुढे घाईचं, मागे मंद आचेवर ठेवून दिलेलं, झालं. यावर जास्त वेळ गेला नाही.

आता ऑफिसातलं काय केलं ते. माझा सल्ला थोडा रूक्ष होता आणि तिला सुरुवातीला आवडला नाही, कारण तिला फर्डं इंग्रजी बोलायचं होतं. मी सांगितलं, समजायला सगळं शिक पण वापरू नकोस, निदान दोन वेगवेगळ्या माणसांच्या तोंडून ऐकल्याशिवाय तर नाहीच, आणि मिनिट्समध्ये एकही वाक्प्रचार लिहायचा नाही, कोणी म्हटलेला असला तरी. कोण, काय, कधीपर्यंत, बस. आणि कॉल संपायच्या आधी तीन मिनिटं मागून घ्यायची आणि लिहिलेलं वाचून दाखवायचं. ‘मला समजलं नाही’ म्हणायला तिला भयंकर लाज वाटायची, तेव्हा त्याऐवजी दोन पर्याय समोर ठेवणारा प्रश्न तयार करून दिला, की मी लिहू काय, यादीवर गुरुवारपर्यंत कमेंट्स द्यायच्या, की यादी पुढच्या महिन्यावर टाकायची? असा प्रश्न विचारणारी व्यक्ती कच्ची वाटत नाही, उलट व्यवस्थित वाटते. हे वाक्य इंग्रजीत तिच्याकडून इतक्यांदा म्हणून घेतलं की आमच्या शेजारच्या खोलीतल्या तबल्याच्या क्लासवाल्यांना पण पाठ झालं असेल.

वाचून दाखवायला लागल्यावर लवकरच कळलं की गोंधळ फक्त मुंबईचा नव्हताच. लंडन म्हणतंय गुरुवार, शिकागो म्हणतंय आम्ही तर सोमवार समजलो, असं हिच्या वाचनामुळे कॉलवरच उघडं पडायला लागलं आणि तिथल्या तिथे मिटायला लागलं. टीएलने टीमच्या बाकीच्या कॉल्सनाही हीच पद्धत लावली, श्रेय अर्थातच स्वतःकडे ठेवून. पुढच्या अप्रेझलला ‘कम्युनिकेशन वीक’ गेलं आणि ‘नीड्स टु बी मोअर फ्लुएंट’ आलं. पगारवाढ नेहमीएवढीच. यावर मला काय वाटतं ते इथे लिहीत नाही.

अजून अडतंय ते अर्धवट म्हणींवर. आपण ‘नाचता येईना’ एवढंच म्हणून सोडून देतो ना, अंगण समोरच्याने मनात वाकडं करायचं, तसे हेही लोक ‘व्हेन इन रोम’ (जिथे जाल तिथल्यासारखं वागा) म्हणून गप्प बसतात, ‘इफ द शू फिट्स’ (लागू पडत असेल तर स्वतःला लावून घे) म्हणून हसतात, आणि लंडनच्या बाई तीच म्हण ‘इफ द कॅप फिट्स’ म्हणतात, म्हणजे तिथे पण बूट की टोपी वेगळं. उरलेली अर्धी म्हण शोधायला डिक्शनरीत काय टाइप करायचं हेच कळत नाही. याला वही सोडून माझ्याकडे दुसरा उपाय नाही, आणि तिने त्यासाठी मागची पानं वेगळी ठेवलीयत.

मागच्या पंधरवड्यात मेलच्या लूपवरून वाद चालू होता तर लंडनच्या बाई नुसतं “वेल, टू मेनी कुक्स,” म्हणून थांबल्या, पुढचं ‘स्पॉइल द ब्रॉथ’, म्हणजे फार माणसं लागली की काम बिघडतं, हे मनातच. हिला पुढचं माहीत नव्हतं. तिने सरळ विचारलं, मी लिहू काय, लूपमधली माणसं कमी करायची, की प्रत्येकाचं काम वाटून द्यायचं? बाई म्हणाल्या कमी करायची, चारच ठेवा. मग कोण राहणार यावर दहा मिनिटं गेली, आणि त्या चारात मुंबईहून टीएलच्या ऐवजी हिचं नाव लागलं.